निरगाठ

“डॉक्टर, टाके किती पडले?” शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांचा पहिला प्रश्न हाच असतो. टाक्याची गाठ कशी मारली, हे मात्र आजवर मला कोणीही विचारलेले नाही. म्हणून आज गाठीविषयी.

सुरगाठ आणि निरगाठ आपल्याला घरातच कळतात. लेंग्याची नाडी सुरगाठीने बांधायची. घाईच्या वेळी नेमकी तिची निरगाठ होते! सर्जनला निरगाठच हवी असते आणि ती हमखास यावी लागते. पहिला फास उजवीकडून टाकला, तर दुसरा डावीकडून. दोन्ही एकाच दिशेने पडले तर गाठ दिसायला तशीच दिसते, पण ताण आला की सरकते. दोन्ही टोके सारखी ओढली नाहीत तरी तेच.

मिरजेला शिकत असताना आम्ही खुर्चीच्या पाठीला, दाराच्या कडीला, शर्टाच्या काजाला दोरा बांधून सराव करायचो. सुश्रुतानेही शिष्यांना जाड कापडावर आणि मऊ चामड्यावर टाके घालायला सांगितले आहे. महिन्याभरात माझा हात इतका सुटला, की आपल्याला सगळे आले असे वाटू लागले.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईंच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. रक्तवाहिनी मी बांधली होती. रात्री नाडी जलद झाली, रक्तदाब उतरला. पुन्हा पोट उघडावे लागले. माझी गाठ सरकली होती. वरिष्ठांनी तो दोरा चिमट्यात धरून मला दाखवला. दोन्ही फास एकाच दिशेचे होते. ते काही बोलले नाहीत. दोन बाटल्या रक्त चढवल्यावर बाई वाचल्या. सकाळी त्यांच्या मुलाने माझे हात धरून आभार मानले, तेव्हा मान वर करवेना.

खुर्चीवरची गाठ आणि पोटातली गाठ यांत फरक असतो. आत जागा नसते, दोरा रक्ताने निसरडा होतो, आणि वर ओढला तर रक्तवाहिनीच तुटायची भीती. मग मी स्टीलच्या पेल्याच्या तळाशी आकडा चिकटवला आणि हातमोजे ओले करून, कडेला बोट न लावता आत गाठी मारू लागलो. रोज शंभर. तर्जनीच्या टोकाने फास खाली ढकलत न्यायचा, वर खेचायचा नाही. रेशमाला 3 फास पुरतात; नायलॉन गुळगुळीत आणि ताठ, त्याला 5-6 लागतात.

घट्टपणाचेही प्रमाण असते. मार्केट यार्डात हळदीचे पोते दाभणाने शिवतात तसे कातडे आवळून चालत नाही. जखमेच्या कडा फक्त एकमेकींना टेकाव्यात. जास्त आवळल्या तर रक्त पोचत नाही आणि कडा काळ्या पडतात.

आता घरच्यांसाठी. टाक्यांवर हळद दाबू नका. आपल्या सांगलीची असली तरी! चेहऱ्यावरचे टाके साधारण 5 दिवसांनी, पोटावरचे 7 ते 10, सांध्यांवरचे 12 ते 14 दिवसांनी काढतात. टोचते म्हणून घरी कात्री लावू नये. पू, ताप किंवा वाढती लाली दिसली तर दाखवा. आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत पट्टी अचानक लालसर पाण्याने भिजली, तर दुखत नसले तरी थांबू नका. आतली शिवण उसवत असू शकते. रुग्णाला झोपवून, जखमेवर स्वच्छ ओले कापड ठेवून त्याच तासाला रुग्णालयात आणा.