अब्बा गप्प का झाले? आजारपण आणि उतारवयातील डिप्रेशन

"अब्बा हल्ली कुणाशी बोलत नाहीत. वय झालं ना!" हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. पण दर वेळी कारण वय नसते. मधुमेह, सांधेदुखी, किडनीचा त्रास, लकवा अशा वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारांत अनेक ज्येष्ठांना डिप्रेशन म्हणजेच नैराश्य येते. २०१७-१८ च्या देशव्यापी 'लासी' सर्वेक्षणात साठीपुढील ८.३ टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणे दिसली. निदान मात्र एक टक्क्याहूनही कमी लोकांचे झाले होते.

हे ओळखायचे कसे? दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप आणि भूक कमी होणे, सतत थकवा, चिडचिड, आवडीच्या गोष्टींतून मन उठणे ही लक्षणे आहेत. अशा वेळी गोळ्या चुकतात, पथ्य सुटते, साखर वाढते. साखर वाढली की थकवा वाढतो आणि मन आणखी खचते.

आपल्याकडे यात आणखी एक दुखणे असते. डॉक्टरांनी रोजे बंद केले, गुडघ्यांमुळे मशिदीत जाणे थांबले, की "आता मी कशाच्याच कामाचा नाही" असे वाटू लागते. त्यांना प्रेमाने सांगा की ज्याला बरे होऊन रोजे ठेवण्याची आशा नाही, त्याच्यासाठी शरीअतने फिदयाची सवलत दिली आहे. नमाज खुर्चीवर बसूनही होते. आणि नैराश्य म्हणजे इमान कमजोर असणे नव्हे, तो आजार आहे. सब्र करायचा, पण इलाजही करायचा.

घरच्यांनी काय करावे? रोज थोडा वेळ मोबाइल बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसा. एक वेळचे जेवण तरी सोबत घ्या. घरातल्या निर्णयात त्यांचे मत विचारा, नातवंडांना कुरआन शिकवण्यासारखे काम त्यांच्याकडे द्या. त्यांच्या औषधपाण्याचा खर्च त्यांच्यासमोर मोजू नका. आई-वडिलांना 'उफ्'सुद्धा म्हणू नये, ही कुरआनची शिकवण इथेच कामाला येते. सेवेचा सगळा भार एकट्या सुनेवर किंवा मुलीवर टाकू नका, तीही थकते.

पुढच्या तपासणीला साखरेबरोबर मनाची हालतही डॉक्टरांना सांगा. "अल्लाहने आता उचलावं" असे वारंवार म्हणत असतील तर हसण्यावारी नेऊ नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास मोफत आहे, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा वेगळा क्रमांक आहे.

आज घरी गेल्यावर अब्बांना फक्त "गोळी घेतली का?" एवढेच विचारू नका. "कसं वाटतंय?" हेही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.