वेणीतील चांदी

जबलपूरच्या गोरखपूर भागातील आमच्या शाखेत एके दिवशी एक वृद्ध मराठी खातेदार लॉकरमधील डबी घेऊन माझ्यासमोर बसल्या. डबीत चांदीची राखडी आणि घुंगरू लावलेले वेणीचे गोंडे होते. ‘‘साहेब, नातवाची फी भरायची आहे. हे मोडू की तारण ठेवू?’’ त्यांनी विचारले.

१८१७ पर्यंत जबलपूरवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. तेव्हापासून आणि पुढे नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबांनी भाषेबरोबर दागिन्यांची नावेही जपली आहेत. राखडी, मूद, केवडा, गोंडे ही नावे ऐकताच आजीच्या पाठीवरची लांब वेणी डोळ्यांपुढे उभी राहते. दूर कझाकस्तानातही मुलींच्या वेणीला ‘शोल्पी’ नावाची चांदीची लोंबती पदके बांधण्याची रीत आहे; चालताना त्यांचा मंजुळ नाद होतो.

हे काम मोठ्या चिकाटीचे. शुद्ध चांदी मऊ असल्याने तीत थोडे तांबे मिसळतात. पत्रा ठशावर ठोकून नक्षी उठवायची, तार ओढायची, बारीक रवे मांडायचे आणि फुंकणीच्या ज्योतीने डाख लावून सारे जोडायचे. ज्योत क्षणभर अधिक रेंगाळली, तर रवे वितळून नक्षी पुसली जाते. पोकळ दागिन्यांत पुष्कळदा लाख भरतात.

तराजूला मात्र ही कला कळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या निर्देशांनुसार तारणाचे मूल्य ठरविताना केवळ धातूची किंमत धरली जाते. खडे वा इतर बाबी हिशेबात येत नाहीत. मोडीतही घडणावळ बुडतेच. फरक इतकाच की, कर्ज फिटल्यावर तारण परत मिळते. मोडलेला दागिना कधीच परत येत नाही.

अंदाज घेतला, तेव्हा धातूची किंमत फीच्या निम्मीही भरेना. आजींची मुदत ठेव आमच्याकडेच होती. तिच्यावर कर्ज घेण्याचा पर्याय मी सुचविला आणि त्यांनी तो स्वीकारला. डबी पुन्हा लॉकरमध्ये गेली.

वाचकहो, आपल्या घरीही अशी एखादी डबी असेल. तिच्यातील दागिन्यांची छायाचित्रे काढा, नावे आणि ते कोणाचे होते हे लिहून ठेवा. नाव विसरले गेले की, दागिन्याचे केवळ वजन उरते.