संघातला बारावा, देशाचा पहिला

फुटबॉलमधील मध्यरक्षकाच्या कामाचे मोल ठरवणे नेहमीच अवघड राहिले आहे. आघाडीपटूचे गोल मोजता येतात, गोलरक्षकाने अडवलेले फटके मोजता येतात, पण बचावफळी आणि आघाडीची फळी यांच्यामधल्या पट्ट्यात नव्वद मिनिटे धावणाऱ्या खेळाडूने कोणती मोकळी जागा वेळेवर भरली आणि कोणता धोका उद्भवण्याआधीच मिटवला, याची नोंद गुणफलकावर कधीच होत नाही. उत्तर मॅसिडोनियाच्या एलिफ एल्मासची कारकीर्द समजून घेताना ही अडचण दुपटीने जाणवते. नापोलीसारख्या मोठ्या क्लबमध्ये तो बहुतेक काळ पहिल्या अकरांच्या उंबरठ्यावर राहिला, आणि देशाच्या संघाचे मात्र विशीच्या प्रारंभापासूनच त्याच्यावाचून पान हलेनासे झाले. हे दोन दर्जे परस्परविरोधी वाटले तरी त्यांचे मूळ एकच आहे. मैदानाच्या मधोमध, डाव्या कडेला किंवा आघाडीपटूच्या पाठीमागे, सांगितले जाईल तेथे उभे राहून तोलामोलाचा खेळ करण्याची त्याची क्षमता त्याच्या उत्कर्षाचे कारण ठरली आणि त्याच्या अडचणीचेही.

एल्मासचा जन्म 24 सप्टेंबर 1999 रोजी स्कोप्ये या राजधानीत, तुर्की वंशाच्या कुटुंबात झाला. युगोस्लाव्हियाच्या विघटनातून 1991 मध्ये स्वतंत्र झालेला आणि 2019 मध्ये ग्रीसबरोबरच्या करारानुसार ‘उत्तर मॅसिडोनिया’ हे नाव स्वीकारलेला हा देश जेमतेम 18 लाख वस्तीचा आहे. त्यात मॅसिडोनियन बहुसंख्य, अल्बेनियन सुमारे चतुर्थांश आणि तुर्की वंशाचे लोक चार टक्क्यांहूनही कमी आहेत. राजकारणात या समूहांमधले संबंध अनेकदा ताणले गेले असले, तरी राष्ट्रीय फुटबॉल संघात पांदेव, अलिओस्की, बार्दी, अदेमी आणि एल्मास ही नावे एकाच यादीत सहज नांदली, हे या संघाचे वैशिष्ट्य कौतुकाने नोंदवण्याजोगे आहे. युगोस्लाव्हियाच्या काळातही या भूमीने थोर खेळाडू दिले होते. 1991 च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात बेलग्रेडच्या रेड स्टारसाठी निर्णायक पेनल्टी मारणारा दार्को पान्चेव्ह स्कोप्येचाच होता. तथापि स्वतंत्र देश म्हणून मोठ्या स्पर्धेत उतरण्यासाठी मॅसिडोनियाला तीन दशके वाट पाहावी लागली.

स्कोप्येतील राबोत्निच्की या जुन्या क्लबच्या कनिष्ठ संघांतून एल्मास घडला आणि शाळकरी वयातच त्याने वरिष्ठ संघात प्रवेश मिळवला. छोट्या देशांतील क्लबांचे अर्थकारण तरुण खेळाडू घडवून मोठ्या साखळ्यांना विकण्यावर उभे असते, त्यामुळे तेथे सतराव्या-अठराव्या वर्षी मिळणारी संधी ही एका अर्थाने बाजारपेठेतली पहिली मांडणीच असते. एल्मासच्या बाबतीत ही मांडणी फार लवकर लोकांच्या नजरेत आली. 11 जून 2017 रोजी, अठरा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, त्याने स्पेनविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात राष्ट्रीय संघाकडून पदार्पण केले, आणि त्याच उन्हाळ्यात इस्तंबूलच्या फेनरबाचे या क्लबने त्याला करारबद्ध केले.

फेनरबाचेमधील पहिला हंगाम बहुतांशी राखीव खेळाडूंच्या बाकावर गेला. दुसऱ्या हंगामात, म्हणजे 2018-19 मध्ये, क्लबची अवस्था इतकी बिकट झाली की एवढ्या मोठ्या संघावर तळाच्या गटात घसरण्याची वेळ आली, आणि अशा पडत्या काळात एकोणीस वर्षांचा एल्मास संघाचा नियमित मध्यरक्षक बनला. कोसळणाऱ्या संघात तरुण मध्यरक्षकाची परीक्षा अधिक कठोर होते, कारण सहकारी गोंधळलेले असताना चेंडू पायाशी ठेवून खेळाची लय सांभाळण्याचे काम त्याच्यावरच येते. नापोलीने 2019 च्या जुलैमध्ये सुमारे 1 कोटी 60 लाख युरो मोजून त्याला इटलीत नेले, ते याच हंगामातील खेळाच्या जोरावर.

नापोलीतील त्याचे स्थान कळण्यासाठी संघरचनेचा थोडा विचार आवश्यक आहे. चार बचावपटू, तीन मध्यरक्षक आणि तीन आक्रमक अशा 4-3-3 रचनेत तिन्ही मध्यरक्षकांची कामे वेगवेगळी असतात. मधला खेळाडू बचावफळीच्या पुढे राहून चेंडू वाटतो; त्याच्या दोन्ही बाजूंचे खेळाडू, ज्यांना इटालियन फुटबॉलमध्ये ‘मेझ्झाला’ म्हणतात, मध्यभाग आणि कड यांच्यामधल्या पट्ट्यात वर-खाली धावत संघाच्या बचावाला आणि आक्रमणाला सारखाच हातभार लावतात. एल्मास मूळचा या जातीचा खेळाडू. अरुंद जागेत चेंडू घेऊन वळणे, प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेत पुढे सरकणे आणि चेंडू गेल्यास तत्काळ परत मिळवण्यासाठी झटणे ही त्याच्या खेळाची तीन ठळक लक्षणे आहेत. परंतु प्रशिक्षक लुचानो स्पालेत्ती यांनी बांधलेल्या नापोलीत लोबोत्का, आंगिसा आणि झिलिन्स्की हे त्रिकूट इतके पक्के बसले होते की तेथे चौथ्याला कायमची जागा नव्हती, आणि डाव्या कडेला ख्विचा क्वारात्सखेलिया आल्यानंतर ती वाटही बंद झाली.

येथे एका नियमबदलाची दखल घ्यावी लागते. करोनाच्या साथीमुळे 2020 मध्ये प्रत्येक संघाला तीनऐवजी पाच बदली खेळाडू उतरवण्याची तात्पुरती मुभा मिळाली आणि पुढे ती कायम झाली. पाच बदलांमुळे प्रशिक्षकाला सामन्याच्या मध्यावर जवळजवळ अर्धा संघ पालटता येतो. त्यामुळे अनेक जागी खेळू शकणाऱ्या खेळाडूची किंमत एकदम वाढली. पूर्वी ज्याला केवळ ‘राखीव’ म्हटले गेले असते, तो आता प्रशिक्षकाच्या आखणीचा अविभाज्य भाग बनला. एल्मास हा या बदलाचा मोठा लाभार्थी होता. मात्र प्रत्येक सामन्यात कामी येणारा हा गडी प्रत्येक सामन्याच्या आरंभी बाहेर बसला तरी चालेल, अशी समजूतही त्यातूनच दृढ झाली.

नापोलीच्या 2022-23 च्या विजेतेपदाच्या हंगामात या भूमिकेचे मोल जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. दिएगो मॅराडोनाच्या काळातील 1987 आणि 1990 च्या विजेतेपदांनंतर 33 वर्षांनी नापोलीने इटलीची साखळी जिंकली, तीही 90 गुण मिळवून आणि दुसऱ्या क्रमांकावरील लाझिओला 16 गुणांनी मागे टाकून. कौतुक प्रामुख्याने आघाडीपटू ओसिमेन आणि क्वारात्सखेलिया यांच्या वाट्याला आले, आणि ते रास्तच होते. तरीही नोव्हेंबर 2022 मधील दोन सामने बारकाईने पाहावेत असे आहेत. पाठीच्या दुखापतीमुळे क्वारात्सखेलिया संघाबाहेर असताना त्याची जागा एल्मासकडे आली. 5 नोव्हेंबरला बेर्गामो येथे अटालांटाविरुद्ध नापोली प्रथम पिछाडीवर पडली, ओसिमेनने बरोबरी साधली आणि त्यानंतर एल्मासच्या गोलने सामना 2-1 असा फिरवला. आठवड्याभराने उदिनेसेविरुद्ध त्याने केलेला तिसरा गोल त्या क्षणी केवळ आघाडी वाढवणारा वाटला होता. पण उदिनेसेने अखेरच्या टप्प्यात दोन गोल फेडले आणि सामना 3-2 असा सुटला, तेव्हा विजय त्याच गोलवर टिकून राहिला. कतारमधील विश्वचषकासाठी साखळी थांबली तेव्हा नापोली आठ गुणांनी पुढे होती. संघाचा सर्वांत चमकदार खेळाडू नसतानाच्या दिवसांत ही आघाडी राखली गेली, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्या हंगामात साखळीतील एल्मासचे गोल सहाच, पण जानेवारीत युव्हेंटसचा 5-1 असा धुव्वा उडवणाऱ्या सामन्यातही त्याचे नाव गोलकर्त्यांच्या यादीत आहे. तत्पूर्वी डिसेंबर 2021 मध्येही, संघात दुखापतींची रांग लागलेली असताना, सान सिरोवर मिलानविरुद्ध कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर पाचव्याच मिनिटाला डोके लावून त्याने सामन्यातला एकमेव गोल केला होता. संघ अडचणीत असताना हा खेळाडू पुढे येतो, हा निष्कर्ष या नोंदींवरून काढणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

राष्ट्रीय संघातले चित्र याच्या अगदी उलट आहे. येथे त्याला जागा शोधावी लागत नाही, उलट संघाची रचनाच त्याच्याभोवती उभी राहते. या संघाला 2021 मध्ये झालेल्या युरो स्पर्धेची दारे उघडली ती ‘नेशन्स लीग’मुळे. युरोपीय महासंघाने या स्पर्धेत देशांची त्यांच्या ताकदीनुसार चार श्रेणींत विभागणी केली आणि प्रत्येक श्रेणीतील यशस्वी संघांना युरोच्या प्लेऑफची, म्हणजे उरलेल्या जागांसाठीच्या बाद फेरीची, संधी दिली. सर्वांत खालच्या श्रेणीतून आलेल्या उत्तर मॅसिडोनियाने प्रथम कोसोव्होला आणि नंतर, 12 नोव्हेंबर 2020 रोजी तिबिलिसी येथे, जॉर्जियाला 1-0 असे हरवून आपली पहिली मोठी स्पर्धा गाठली. तो गोल सदतीस वर्षांच्या गोरान पांदेवचा होता. इंटर मिलानच्या 2010 मधील तिहेरी विजेतेपदाचा साक्षीदार आणि स्वतः नापोलीकडून खेळलेला पांदेव हा या देशाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू, आणि एल्मास हा त्याचा स्वाभाविक वारस मानला गेला.

हा वारसा हाती येतानाचा क्षण जर्मनीतील ड्यूसबर्ग येथे पाहायला मिळाला. 31 मार्च 2021 चा तो विश्वचषक पात्रता सामना करोनामुळे रिकाम्या मैदानात झाला. पांदेवने मध्यंतराच्या तोंडावर गोल केला, उत्तरार्धात जर्मनीच्या गुंदोगानने पेनल्टीवर बरोबरी साधली, आणि जर्मनी विजयी गोलच्या शोधात पुढे सरकत राहिली. 85 व्या मिनिटाला अरिजान अदेमी उजव्या अंगाने पेनल्टी क्षेत्रात घुसला. जर्मन बचावपटू स्वाभाविकपणे चेंडूच्या आणि गोलच्या दिशेने मागे ओढले गेले, आणि त्यांच्यासमोर, क्षेत्राच्या मध्यावर, काही पावलांची जागा मोकळी पडली. मागून धावत येणारा मध्यरक्षक अशाच जागेची वाट पाहत असतो; बचावपटूंची नजर चेंडूवर खिळलेली असल्याने तो कोणाच्याच हिशेबात नसतो. अदेमीने चेंडू मागे वळवला आणि एल्मासने तो गोलरक्षक टेर स्टेगनला चकवून जमिनीलगत जाळ्यात धाडला. विश्वचषक पात्रता फेरीत जर्मनीचा यापूर्वीचा पराभव 2001 मध्ये इंग्लंडकडून झाला होता. वीस वर्षांनी तो मान स्कोप्येच्या एका एकवीस वर्षांच्या तरुणाने आपल्या देशाला मिळवून दिला.

त्यानंतरच्या युरो स्पर्धेत ऑस्ट्रिया, युक्रेन आणि नेदरलँड्स या तिघांकडूनही हार पत्करावी लागली आणि पांदेव राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला. विश्वचषकाची मोहीम मात्र चालू होती. नोव्हेंबर 2021 मध्ये आइसलँडविरुद्धच्या 3-1 विजयात एल्मासने दोन गोल केले आणि देशाला गटात दुसरे स्थान मिळवून दिले. मार्च 2022 मध्ये पालेर्मो येथे ट्रायकोव्स्कीच्या भरपाई वेळेतील गोलने युरोविजेत्या इटलीला विश्वचषकाबाहेर काढले, त्या रात्री निलंबनामुळे एल्मास मैदानात नव्हता. देशाच्या सर्वांत गाजलेल्या विजयात त्याचा सर्वोत्तम खेळाडू नसावा, ही खंत त्या कारकिर्दीला कायमची चिकटली आहे. पुढच्या सामन्यात तो परतला, पण पोर्तुगालने 2-0 असा विजय मिळवून विश्वचषकाचे दार बंद केले. क्लबमध्ये मिळणारी मातब्बर सहकाऱ्यांची साथ देशाच्या संघात नसते; तेथे चेंडू मिळवायचा, पुढे न्यायचा आणि गोलही करायचा, अशी तिन्ही कामे त्याच्यावर येतात, आणि प्रतिस्पर्धीही प्रथम त्यालाच वेढतात. त्याच्या राष्ट्रीय कामगिरीतील चढउतार या ओझ्यासह वाचले पाहिजेत.

विजेतेपदानंतर स्पालेत्ती नापोली सोडून गेले, संघ विस्कटला, आणि जानेवारी 2024 मध्ये एल्मासने जर्मनीच्या लाइपझिगशी करार केला. क्लबला त्याच्या खरेदीकिमतीपेक्षा बरीच अधिक रक्कम मिळाली, म्हणजे व्यवहार म्हणून नापोलीचा सौदा फायद्याचा ठरला; खेळाडूच्या दृष्टीने मात्र तो फळला नाही. नियमित जागेच्या अपेक्षेने उचललेले पाऊल पुन्हा बाकाकडेच गेले, आणि सुमारे वर्षभरातच त्याला उसनवारीवर, म्हणजे मूळ करार कायम ठेवून ठराविक मुदतीसाठी, इटलीतील तोरिनोकडे जावे लागले. इटलीत पाय ठेवताच त्याचा खेळ पुन्हा खुलला. मध्यरक्षकाला शिस्तबद्ध स्थाने आणि विचारपूर्वक चढाई यांची सवय लावणारी इटालियन पद्धत त्याच्या स्वभावाला मानवते, तर लाइपझिगच्या सततच्या वेगवान मुसंडीच्या खेळात त्याची चेंडू राखण्याची हातोटी वाया जाते, असे दोन्ही ठिकाणांची तुलना करता म्हणावे लागते.

चोविसाव्या वर्षी नापोली सोडण्याचा त्याचा निर्णय समजण्यासारखा होता, तरी तो चुकला. कारण ज्या भूमिकेला तो कंटाळला होता, त्या भूमिकेत त्याच्याइतका कसलेला खेळाडू इटलीत क्वचितच होता, आणि ती भूमिका दुय्यम आहे हा समज फुटबॉलच्या बदललेल्या नियमांनी केव्हाच मोडीत काढला होता. नापोलीलाही त्याची उणीव भासली असली पाहिजे. अंतोनियो कोंते यांच्या हाताखाली 2025 मध्ये पुन्हा साखळी जिंकल्यानंतर, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्लबने ज्याला विकले होते त्याच एल्मासला लाइपझिगकडून उसनवारीवर परत आणले.