शेवट कुणी करायचा?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. 'रामायण' १९८७-८८ मध्ये दर रविवारी सकाळी लागे. आमच्या मोहल्ल्यातही ते चवीने पाहिलं जाई. भाग संपला की पुढच्यासाठी आठवडाभर थांबावं लागे. मुलांना हे थांबणं कुणी शिकवलं नाही, वेळापत्रकानंच शिकवलं.

आता मालिका इंटरनेटवर पाहतात. नेटफ्लिक्स भारतात २०१६ साली आलं. तिथं एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू होतो. यूट्यूबवरही तेच. 'आजचं संपलं' हे सांगायला कुणी उरलेलं नाही. ते आईला सांगावं लागतं आणि मग वाईटपणाही तिच्याच वाट्याला येतो.

ऐन गोष्टीत मोबाइल ओढून घेतला की माझा नातू रडतो. मी त्याला हट्ट म्हणत नाही. मुशायऱ्यात शेर अर्धा असताना माइक बंद केला, तर आपण तरी गप्प बसू का?

म्हणून आमच्या घरी किती भाग पाहायचे ते आधी ठरतं. आपोआप पुढं जाण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येते, ती केली आहे. भाग पुरा होऊ देतो आणि बटण नातवानंच दाबायचं. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे. कमी असेल तितकं बरं.

हा नियम आजोबालाही लागू आहे, नाहीतर नातू तो का पाळेल? गझलेत मक्ता आला की शायर खाली बसतो. मुलांनाही तेवढंच शिकवायचं आहे.