परसातील पटिंग ग्रीनसाठी भराव कोणता?

चंडीगडला लागून असलेल्या मोहालीत, सेक्टर 67 मध्ये, उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो आणि पावसाळ्यात जोरदार सरी कोसळतात. म्हणून परसात कृत्रिम पटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू हलक्या फटक्याने होलकडे घरंगळवण्याची हिरवळ, करताना भराव विचारपूर्वक निवडावा लागतो. भराव म्हणजे प्लास्टिकच्या पात्यांमध्ये पसरलेले कण. ते पात्यांना आधार आणि गालिच्याला वजन देतात, तसेच चेंडूच्या वेगावरही परिणाम करतात. रबराचे काळे कण उन्हात फार तापतात, आणि युरोपीय संघाच्या 2023 च्या नियमांनुसार अशा भरावाच्या विक्रीवर 2031 पासून बंदी येणार आहे. त्यामुळे धुतलेली, गोलसर कणांची सिलिका वाळू अधिक योग्य ठरते, कारण टोकदार कण पाती झिजवतात आणि मातकट वाळू पाण्याचा निचरा अडवते. मात्र सिलिका वाळू थोडीथोडी पसरून ब्रशने पात्यांच्या मुळाशी बसवावी लागते.