सूर कुणाचा?

तेल्हाऱ्यातली आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कापसाच्या गाड्या आणि बाजाराच्या गर्दीत आमचा रविवार कुणाच्या ध्यानातही येत नाही. कुणाच्या तरी ओसरीवर सतरंजी अंथरायची, पेटी काढायची, कुणीतरी तबला पुढ्यात ओढायचा, की झाली उपासना सुरू. नाताळला अकोल्याला जायचं. एवढ्याशा मंडळीत भांडायला माणसं तरी कुठं आहेत, असं मला वाटायचं. भांडण झालं, आणि ते एका कीबोर्डावरून झालं.

पुण्याला शिकणारी आमची पोरं सुटीत घरी आली ती कीबोर्ड आणि गिटार घेऊन. 'उपासना संगीत' बाजूला राहिलं. मोबाईलवर शब्द पाहून हिंदी-इंग्रजी कोरस सुरू झाले. दोन ओळी, त्याच दहा वेळा, टाळ्यांच्या ठेक्यावर. लहान मुलं खूश. पण पुढं बसलेल्या आजी पदर सावरत उठल्या. "हे गानं होय का धिंगाना, बाप्पा?" त्यावर एक पोरगा बोलून गेला, "आजी, तुमच्या गीतांनी झोप येते." झालं! पुढच्या रविवारपासून सात वाजता म्हाताऱ्यांची उपासना आणि दहाला तरुणांची. दहा-बारा घरांच्या मंडळीचे दोन तुकडे.

मी अर्थातच सातवाला. पेटी आपली, कीबोर्ड परका, असा माझा साधा हिशेब होता. पण तो टिकेना. ज्या पेटीला आम्ही आपली म्हणतो, तिचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ यानं घेतलं. आपल्या आकाशवाणीनं तर १९४० पासून पुढं तीस वर्षं हार्मोनियमला दारातही उभं केलं नव्हतं. भारतीय गायकीला ते मानवत नाही म्हणून! आज तिच्यावाचून आमचं पानही हलत नाही.

गीतांचंही तेच. मिशनरी आले ते आपल्या विलायती चाली घेऊन, आणि मराठी शब्द त्या चालींत कसेबसे कोंबले गेले. अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, ते एकोणिसाव्या शतकात. मग आले ना. वा. टिळक. नागपूरला अप्पासाहेब बुटींच्या पदरी असलेला हा कवी १८९३ साली राजनांदगावला निघाला असताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्याच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली. टाळ-मृदंग देवळातले, ते चर्चमध्ये कशाला, असं नाक मुरडणारे तेव्हाही होतेच. म्हणजे आजी ज्याला जुनं म्हणतात, ते एकेकाळी आजच्या कीबोर्डाइतकंच नवं आणि खटकणारं होतं. इंग्लंडात आयझॅक वॉट्सनं १७०७ साली स्वतः रचलेली गीतं छापली, तेव्हा स्तोत्रंच गाणाऱ्या मंडळ्यांनाही ते जड गेलं होतं. कॅथलिकांकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली लोकभाषांना वाट दिली आणि लॅटिन मागं पडली, तेव्हा हळहळणारे भाविक काय थोडे होते?

एवढं कळल्यावर मी दहाच्या उपासनेलाही जाऊ लागलो. (सातवाल्यांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं, ते असो.) पोरं मनापासून गातात, यात शंका नाही. माझी तक्रार गिटारीवर नाही. टिळकांनी नवं आणलं ते आपल्या भाषेत, आपल्या छंदात. निरक्षर बाईच्याही तोंडी बसेल असं. तिथं फादर स्टीफन्सची आठवण होते. तो इंग्रज, पण १६१६ साली त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं ते मराठी ओव्यांत, सुमारे अकरा हजार ओव्यांत. पोरांच्या कोरसात मराठी शोधावी लागते. मोबाईलची बॅटरी संपली की गाणंही संपतं.

गेल्या हिवाळ्यात आजी प्रभूत निजल्या. रात्रभर मंडळी अंगणात बसून होती. पोरांनी कोरस धरला. दोन ओळी, पुन्हा त्याच दोन ओळी. मग आवाज आपोआप खाली आले. मृत्यूसमोर टाळ्या कशा वाजवणार? तेव्हा एका म्हाताऱ्यानं पुस्तकावाचून गीत उचललं. एक संपलं की दुसरं, पहाटेपर्यंत. पोरं मुकाट ऐकत होती. त्यांना एकही कडवं येत नव्हतं.

आणि ते का येत नव्हतं? त्यांना शिकवायचं होतं कुणी? आम्ही तीच गीतं वर्षानुवर्षं रडक्या, ओढलेल्या लयीत म्हणत राहिलो. टिळकांच्या अभंगाची लय चांगली चालती आहे. ती आम्हीच बसवून टाकली. घरी प्रार्थनेला बसताना टीव्ही बंद केला नाही. झोप येते म्हणणारा पोरगा उद्धट होता, पण खोटं बोलला नव्हता.

आठवड्यापूर्वी तोच पोरगा घरी आला. "काका, त्या रात्रीच्या गीतांची चाल सांगता का?" मी म्हणून दाखवली, त्यानं मोबाईलवर उतरवून घेतली. रविवारी दहाला कीबोर्डावर वाजवली. ठेका पळत होता आणि दुसऱ्या कडव्याला सूर घसरला. सातवाल्यांपैकी दोघी दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "हळू घे ना, बाबू." त्यानं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

उपासना अजून दोनदाच होते. नाताळची एकत्र करायची, इतपत बोलणं झालंय; ती कुणाच्या ओसरीवर, हे ठरायचं आहे.