मोतीबिंदूच्या वाटेवर भेटणारा मधुमेह

कन्नड तालुक्यातील खेड्यापाड्यांतून डोळे दाखवावयास येणारा माणूस बहुधा एकच समजूत घेऊन येतो. दिसेनासे झाले म्हणजे मोतीबिंदू पिकला, आणि तो काढला की पुन्हा दिसू लागते. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून नेत्रशिबिरांनी हे गणित घरोघर पोहोचवले, आणि ते काम थोडेथोडके नव्हे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासले जाते, साखर वाढलेली निघते आणि 'आधी शुगर कमी करून या' एवढे सांगून त्याला परत पाठवले जाते. घरी जाताना तो काय समजतो? साखर ही शस्त्रक्रियेतील आडकाठी आहे, असे. मग गोळ्या घ्यायच्या, शस्त्रक्रिया उरकायची आणि गोळ्यांना रामराम ठोकायचा! पुष्कळांची मधुमेहाशी पहिली ओळख अशी होते.

वास्तविक मोतीबिंदू काढता येतो. मधुमेह हात घालतो तो डोळ्याच्या आतल्या पडद्याला. तेथील बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, पुढे नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो. हे सारे दीर्घकाळ निमूटपणे चालते. दुखत नाही, खुपत नाही, प्रारंभी दृष्टीही कमी होत नाही. कळते तेव्हा लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शन मुख्यतः उरलेली दृष्टी राखण्याच्या कामी येते. म्हणून चांगले दिसत असतानाच, साधारणपणे वर्षातून एकदा, पडदा तपासून घ्यावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेली आहे. २०१५ ते २०१९ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी सुमारे १७ टक्क्यांच्या पडद्यात विकार आढळला होता.

तेव्हा डोळ्यांच्या दवाखान्यातच मधुमेहाची शिकवण द्यावी, ही सूचना रास्त आहे. त्यासाठी वेळ नाही, ही तक्रार मात्र पटत नाही. बाहुली मोठी होण्यासाठी थेंब घातले की रुग्ण अर्धा तास बाकावर बसूनच असतो. त्या वेळी त्याच्या हाती माहितीपत्रक देणे म्हणजे थट्टाच, कारण थेंबांमुळे जवळचे अक्षर दिसत नाही. तेथे हवा बोलणारा माणूस, आणि ऐकावयास रुग्णाबरोबरच त्याची सोबत करणारी सून किंवा लेक. घरच्या भाकरीचा आणि चहातल्या साखरेचा हिशेब तिच्या हाती असतो.

तथापि केवळ बोलण्याने भागत नाही. अमेरिकेत १७०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यातच रक्त तपासून, प्रत्येकाला त्याचा धोका समजावून देण्यात आला. वर्षभरानंतर त्यांची साखर इतरांपेक्षा अधिक आटोक्यात आली नव्हती. यावरून हा उद्योगच व्यर्थ, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तेथील रुग्णांना आपला आजार आधीच ठाऊक होता. आपल्याकडे अनेकांना तो तेथेच प्रथम कळतो. मात्र सांगण्यामागे औषधाची आणि पुढील तपासणीची साखळी नसेल तर सांगणे वाऱ्यावर जाते, एवढा बोध त्यातून अवश्य घ्यावा.

कन्नडमध्ये ही साखळी जागोजागी तुटते. दसरा-दिवाळीनंतर येथल्या वाड्या-तांड्यांवरील कित्येक कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. फडातल्या कोपीत राहणाऱ्याला 'पुढच्या महिन्यात या' असे बजावण्यात काय हशील? त्याची तपासणी टोळी निघण्यापूर्वी झाली पाहिजे, हंगामभराच्या गोळ्या मुक्कामाजवळच्या आरोग्य केंद्रात मिळाल्या पाहिजेत, आणि नेत्रतज्ज्ञाची चिठ्ठी गावच्या उपकेंद्रात व आशाताईंच्या वहीत पोहोचली पाहिजे. पडद्यावरील उपचारासाठी वेरूळ-खुलताबादवरून छत्रपती संभाजीनगरला जावयाचे तर रोज बुडतो, आणि बाहुली मोठी केलेल्या माणसाला परतीच्या एस.टी.ची पाटीही वाचता येत नाही. सोबतीला कोण जाणार, हे तारीख देतानाच विचारून घ्यावे.

मोतीबिंदू दाट असेतो डॉक्टरांनाही पडदा नीट दिसत नाही. शस्त्रक्रियेनंतर तो स्पष्ट दिसू लागतो. काळा चष्मा लावून फेरतपासणीला आलेला मधुमेही 'आता झकास दिसते' म्हणून उठू लागतो. नेमके त्याच वेळी त्याला पुन्हा बाकावर बसवून थेंब घातले पाहिजेत.